धाकटीचं घर

“तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, दीदी,” दारिशा म्हणाली. “आमच्याकडे सगळ्याच मुली घर सोडून जातात, आणि गेल्या तरी आईच्याच राहतात. बास. पुढचं मी बघते.”

ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. पाठीवर चौकड्यांच्या शालीत माझी चौदा महिन्यांची ओवी गाठोड्यासारखी बांधलेली, गाढ झोपलेली. बोलता बोलता दारिशा एका लयीत डुलत होती. ओवीच्या तोंडातून लाळेची बारीक रेघ तिच्या स्वेटरवर उतरली होती. मी पुसायला पुढे झाले तर म्हणाली, “राहू द्या. जागी होईल.”

“आणि तुझ्या मामांनी उलटं काही विचारलं तर?”

“मामा काय विचारणार? तो तुम्हाला घाबरतो.” ती हसली. “म्हणतो, वरच्या बाईचे डोळे पोलिसासारखे आहेत. सगळीकडे फिरतात.”

“रविवारी ना? येईन मी. आणि एवढंच सांगेन.”

“नक्की?”

“अगं, नक्की काय विचारतेस? फॉर्म कुणी भरला तुझा?”

फॉर्म मीच भरला होता. पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजचा, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, राहायला वसतिगृह. त्यातली ‘मला परिचारिका का व्हायचे आहे’ ही दहा ओळींची जागा तिने सांगितलं तशी मी इंग्रजीत लिहून दिली होती, आणि शेवटची ओळ माझ्या पदरची घातली होती: माझ्या आयुष्याचा निर्णय मला घ्यायचा आहे. ती ओळ लिहिताना मला किती बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

विक्रांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, भूजल खात्यातून शिलाँगला बदली झाली तेव्हा ओवी चार महिन्यांची होती. चढावरच्या एका वस्तीत आम्हाला वरचा मजला मिळाला. खाली घरमालकीण, काँग थेलिन. काँग म्हणजे थोरली बहीण. तिथं कुठल्याही बाईला मानानं असंच म्हणतात. साठीची, गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी अधू, नवरा वारलेला, ओठ कायम सुपारीनं लाल. चार मुलं. दोन मुलगे लग्न करून बायकांच्या घरी राहायला गेलेले. मोठी मुलगी जोवाई नावाच्या गावी, तिचा संसार वेगळा. आणि घरात राहिलेली सगळ्यांत धाकटी मुलगी, बावीस वर्षांची दारिशा. खासी लोकांत घर धाकट्या मुलीचं. आईनंतर तीच मालकीण, तीच चूल सांभाळणार, तीच म्हाताऱ्यांचं करणार.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हरखून गेले होते. कॉलेजात असताना स्त्रीमुक्तीवर वक्तृत्वात दोनदा ढाल आणलेली बाई मी. मुलांना आईचं आडनाव लागतं, जावई नांदायला येतो, मुलगी झाली की घरात आनंद करतात, हे सगळं मी आईला फोनवर सांगायचे तेव्हा माझाच आवाज चढायचा.

सासूबाई विट्याहून फोन करायच्या. “तिथं म्हणं बायकांचंच राज्य हाय?”

“हो आई.”

“असूंदे. तू नको शिकूस.”

काँग थेलिनला आमची रीत तितकीच अजब वाटायची. एकदा जिन्याच्या पायरीवर बसून तिनं माझी उलटतपासणीच घेतली. आम्ही सगळे तिथल्या मोडक्या हिंदीत बोलायचो. गडबड झाली की हातवारे.

“ओवीला नाव कुणाचं? बापाचं?”

“हो.”

“बापानं जन्म दिला?”

मी हसले. “नाही, पण आमच्याकडे तसंच असतं.”

“आणि तुझं? तुझं पण त्याचंच?”

“हो.”

“म्हणजे तुझ्या आईचं नाव गेलं कुठं?”

“आईचंही लग्नानंतर बदललेलंच होतं.”

तिनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. “तुझ्या आईजवळ आता कोण आहे?”

“भाऊ आहे ना माझा.”

“भाऊ?” ती मनापासून खदखदून हसली. “भाऊ! भाऊ काय करणार? तिच्या वेण्या घालणार?”

तेव्हा मीही हसले होते. वर येऊन विक्रांतला ते साभिनय करून दाखवलं होतं. घराच्या मालकिणीला वस्तीच्या सभेत मात्र बसता येत नाही, तिथं फक्त पुरुष बसतात, हे मला पुढं कळलं. घरातलं मोठं काही ठरवायचं असलं की तिचा भाऊ, बाह शानबोर, येतो. बाह म्हणजे दादा. तो राहायचा बायकोच्या घरी, पण शब्द चालायचा बहिणीच्या घरात. हे कळलं तेव्हा मी आईला फोन केला नाही.

ओवीला थंडी सोसत नव्हती. छाती भरायची, श्वासाला बारीक शिटी लागायची. मी रात्रंदिवस त्या शिटीवर कान ठेवून असायचे. दारातून बाहेर पडले तरी जिन्यात थांबून ऐकायचे. ती वर्षाची झाली तेव्हा जवळच्या शाळेत रसायनशास्त्राची एक जागा निघाली. एका बाईंची बाळंतपणाची रजा, जुलैअखेरपर्यंत. माझी एम.एस्सी. लग्नाआधीच्या दोन वर्षांच्या नोकरीनंतर पेटीत पडून होती. मी अर्ज केला आणि गल्लीतल्या एका बाईकडे ओवीला ठेवायला लागले. आठव्या दिवशी शाळेतून आले तर बाई शेजारच्या दारात गप्पा मारत उभी, आणि आत ओवी एकटी, ओठ निळे पडलेले. मी तिला उचलून धावत सुटले. चढावर दारिशा भेटली. तिनं ओवीला माझ्या हातातून अक्षरशः काढून घेतलं, उभं धरलं, पाठीवर तळवा चोळत चालत राहिली, मला म्हणाली, “तुम्ही नका रडू, ती तुमच्याकडे बघतेय.” दवाखान्यात डॉक्टरनं वाफ दिली. घरी येईपर्यंत ओवी तिच्या खांद्यावर झोपली होती.

दुसऱ्या दिवसापासून ओवी तिच्याकडे राहायला लागली. दारिशा माझ्याकडे कामाला नव्हती. ती घरमालकीण होणारी मुलगी होती, माझी मैत्रीण होती. दुपारी मी तिला इंग्रजी शिकवायचे, ती ओवीला झोपवायची. त्या दवाखान्यातूनच तिच्या डोक्यात नर्सिंग शिरलं. फॉर्म भरला, फोनवर मुलाखत झाली, प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. ऑगस्टच्या दहा तारखेला हजर व्हायचं. माझी नोकरी जुलैअखेर संपत होती. सगळं आपोआप जुळलं होतं, कुणाच्याही वाटेत कुणी येत नव्हतं.

दारिशानं रविवारचं सांगितलं तो गुरुवार होता. शुक्रवारी शाळा सुटताना मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. रजेवरच्या बाई परत येणार नाहीत. जागा कायम. नऊ ते तीन, पुढच्या महिन्यापासून.

“सोमवारी सांगा,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या बाळाचं नीट लावून द्या हं. मागच्या बाई सारख्या सुट्ट्या मागायच्या. तसं मला नको.”

विक्रांतला सांगितलं तर त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “वा! अभिनंदन. पण ओवी?”

“बघू.”

“दारिशा तर चालली.”

“तेच बघू म्हणतेय ना.”

“आईला बोलवू?”

“आईंना ही थंडी झेपेल? आणि त्या आल्या तर मी नोकरी करतेय की घर, हे तूच सांग.”

“मग राहू दे तर. तीन वर्षांनी तसंही इथून जायचंय. पुढं बघ नोकरीचं.”

हे ‘पुढं बघ’ मी लग्न ठरलं तेव्हा ऐकलं होतं, ओवीच्या वेळी ऐकलं होतं, शिलाँगची ऑर्डर आली तेव्हा ऐकलं होतं. दर वेळी ते इतक्या प्रेमानं म्हटलेलं असायचं की त्यावर भांडताही यायचं नाही. शनिवारभर त्याच्याशीही बोलले नाही नि दारिशाशीही. ती दोनदा वर आली. एकदा पुथारो, तांदळाची घावनासारखी गरम भाकरी घेऊन आली, आणि म्हणाली, “उद्या तीन वाजता हं, दीदी.” मी म्हटलं, “आहे लक्षात.”

त्या दोन दिवसांत मी तिला नोकरीचं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, असं मला कुणी विचारलं असतं, तर म्हटलं असतं, तिच्या आनंदात कशाला माझं मधेच.

रविवारी पाऊस होता, तिथं तो नेहमीच असायचा. खालच्या स्वयंपाकघरात कोळशाची चूल मधोमध, भोवती बसायला वेताचे बुटके मोढे. काँग थेलिन भिंतीला टेकून बसलेली, तिच्याजवळ बाह शानबोर. सडसडीत, पिकल्या केसांचा माणूस, कोट घातलेला, पायांत मोजे. बहिणीच्या घरी येताना तो नेहमी कोट घालून यायचा. दारिशानं बिनदुधाचा लाल चहा दिला आणि ओवीला मांडीवर घेऊन दाराशी बसली.

बराच वेळ ते तिघं खासीत बोलत होते. मला कळत नव्हतं, पण आवाज चढलेले नव्हते. मग बाह शानबोर माझ्याकडे वळला.

“ओवीची आई,” तो म्हणाला, “तुम्हाला त्रास दिला. माझी भाची म्हणते, तुमचं ऐकून मग ठरवा. तर ऐका, मी वाईट माणूस नाही. शिकणं चांगलं. मी जोवाईला थोरलीशी बोललो. ती म्हणते, तीन वर्षं असतील तर मी येऊन आईजवळ राहते. पण तीनच. तिचं स्वतःचं घर आहे. पोरं आहेत.”

“मग चांगलंच झालं,” मी म्हटलं.

दारिशानं ओवीच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच हसली.

“हो. पण माझी बहीण म्हणते, तीन वर्षांनी ही आली नाही तर? हे घर हिचं आहे. घरात हिनं नाही राहायचं तर कुणी? माझ्या बहिणीला आता वरची पायरी दिसत नाही. मी माझ्या बायकोच्या घरी राहतो. मुलगे गेलेच आहेत.” तो थांबला. “आमच्याकडे जाणारे मुलगे. मुलगे गेले की त्यांचं काय होतं, ते मला माहीत आहे, मी स्वतः गेलोय. पण मुलगी घरातून गेली की कसं होतं, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. ते तुम्हाला माहीत. तुमच्याकडे सगळ्याच जातात. म्हणून विचारतो. परत येतात का?”

तिनं शिकवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. सगळ्याच जातात, आणि गेल्या तरी आईच्याच राहतात.

ओवीनं मांडीवर चुळबुळ केली. दारिशानं न बघताच तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ओवी शांत झाली.

“येतात,” मी म्हटलं. “सणाला येतात. बाळंतपणाला येतात.”

“राहायला?”

“नाही.”

“दीदी,” दारिशा घाईनं म्हणाली, “पण तुमच्याकडच्या मुली लग्न करून जातात. मी शिकायला जातेय. ते वेगळं. सांगा ना त्याला.”

“मीही आधी शिकायलाच गेले होते,” मी म्हटलं.

माझा आवाज मला बाहेरून ऐकू येत होता, वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवताना येतो तसा.

“गडहिंग्लजहून पुण्याला. दोन वर्षांसाठी. आई म्हणाली होती, दोनच वर्षं ना, डोळ्यांसमोरून जातील. मग तिथंच नोकरी लागली. मग तिथंच स्थळ आलं. घरी परत अशी गेलेच नाही. कुणी अडवलं नव्हतं. झालं तसं आपोआप.”

काँग थेलिन पुढं सरकली. “आणि आई? आईनं बोलावलं नाही?”

“आई कधी बोलवायची नाही. बाबांनी बोलावलं. एकदाच.”

इथं थांबले असते तरी चाललं असतं. कुणी आग्रह केला नव्हता. पण मी थांबले नाही.

“सासरी वास्तुशांत होती. दीडशे माणूस जेवायला. मी पुरणपोळ्या लाटत होते. अकरा वाजता भावाचा फोन आला, बाबांचं काही खरं नाही, तुझं नाव घेतायत. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढी पंगत उठू दे, मग जा, अशी मधेच घरची सून गेली तर बरं दिसत नाही. मी परत पोळपाटाशी बसले. कुणी धरून बसवलं नव्हतं, मीच बसले. पंगत उठली, दुसरी बसली. गाडी निघाली दोन वाजता. गडहिंग्लजला पोचले सात वाजता. बाबा चारलाच गेले होते.”

चुलीत कोळसा तडतडला.

“विचारत होते शेवटपर्यंत,” मी म्हटलं. “आली का, म्हणून. माझ्या हाताला पीठ होतं तेव्हा.”

हे मी आजवर कुणालाही असं सांगितलं नव्हतं. विक्रांतलाही नाही, तो त्या दिवशी मांडवातच होता, त्याला फक्त उशीर झाला एवढंच ठाऊक. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते खरं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

काँग थेलिननं माझा हात दोन्ही हातांत धरला. तीही रडत होती. चाचपडत तिनं पानाचा तुकडा उचलला, चुना लावला, सुपारी ठेवून माझ्या तळहातावर दिला. त्यांच्याकडे माणसाला आपलं म्हणायची ती खूण.

“बिचारी,” ती म्हणाली. “एवढी शिकलेली. कुणाच्याच घरची नाही ग ही.”

बाह शानबोरनं कोटाची बटणं लावली. तो बहिणीशी दोन वाक्यं बोलला, मग दारिशाशी एक. त्या एका वाक्यात ‘पुणे’ एवढाच शब्द मला कळला. दारिशा उठली, ओवीला शालीत घेतलं, आणि बाहेरच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. पागोळ्यांकडे बोट करून ओवीला काहीतरी दाखवत होती. ओवी हसत होती.

मी वर आले. विक्रांत पेपर वाचत पडला होता.

“काय ठरलं?”

“नाही म्हणाले.”

“अरेरे. वाईट झालं बिचारीचं.” त्यानं पान उलटलं. “पण तुझ्या दृष्टीनं बरंच झालं म्हणायचं.”

मी त्याच्यावर इतकी किंचाळले की तो उठून बसला. इतका हलकट विचार तुझ्या मनात येतोच कसा, म्हटलं. एका मुलीचं आयुष्य आहे ते. तू काय समजतोस मला? तो घाबरून सॉरी, सॉरी म्हणत राहिला. त्याला कळेना मी का थांबत नाही. मलाच थांबता येत नव्हतं. त्यानं जे म्हटलं होतं, ते मला दारिशाच्या मांडीवर ओवीनं चुळबुळ केली त्या क्षणापासून माहीत होतं. मामांनी ‘राहायला?’ असं विचारायच्या आधी मला उत्तर माहीत होतं. मी बाबांना बोलावलं होतं ते उत्तर द्यायला.

सोमवारी सकाळी साडेआठला दारिशा वर आली. डोळे सुजले होते, केस नीट विंचरलेले.

“ओवीचा डबा कुठाय?” तिनं विचारलं.

“दारिशा, मला नोकरी… त्यांनी ती कायम केली. शुक्रवारीच कळलं.”

“हो? छान झालं.” तिनं शाल झटकली, ओवीला पाठीवर घेतलं. “किती वाजेपर्यंत?”

“तीन.”

“बरं.”

बस, एवढंच. तिनं पुन्हा पुण्याचं नाव काढलं नाही. ते पत्र तिनं काय केलं, मला माहीत नाही. इंग्रजीची वही एक-दोनदा मी उघडून तिच्यासमोर ठेवली, ती म्हणाली, “नंतर, दीदी, आज आईचे डोळे धुवायचेत.” मग मीही ठेवायची सोडून दिली.

नोकरी छान चालली होती. मुख्याध्यापिका इतरांना माझं उदाहरण द्यायच्या: बघा, लहान मूल आहे, पण एक दिवस दांडी नाही. दुपारी तीनला मी चढ चढून यायचे तेव्हा ओवी दारिशाबरोबर फाटकाशी उभी असायची. तिची छाती सुधारली. पहिली पाच-सात वाक्यं ती खासीतच बोलली. दारिशासाठी एक-दोन मुलं बघितली गेली, लग्न करून घरी राहायला येतील अशी. एक तिनं नाकारला. दुसऱ्यानं, आंधळी सासू आहे म्हटल्यावर, पुन्हा तोंड दाखवलं नाही. काँग थेलिनला आता अजिबात दिसत नव्हतं. दारिशाशिवाय कुणी भरवलं तर ती घास थुंकायची. दारिशा तिच्यावर ओरडायची, मग स्वतःच रडायची, आणि खालून माझ्यापर्यंत वर येणारा तो आवाज ऐकत मी वह्या तपासत बसायचे.

एक वर्ष आणि नऊ महिन्यांनी विक्रांतची नागपूरला बदली झाली.

“पुढं बघू नोकरीचं,” तो म्हणाला. “नागपुरात शाळा काय कमी आहेत?”

मी राजीनामा लिहिला. दोन ओळी पुरल्या.

आज ओवी नऊ वर्षांची आहे. तिला ते घर आठवत नाही, ती भाषाही नाही. मी घरीच असते, तिला शाळेत सोडते, आणते. पण निघायच्या त्या सकाळी मात्र तिनं दारिशाच्या गळ्याला अशी मिठी घातली होती की जीपचा ड्रायव्हरही तोंड फिरवून उभा राहिला. सामान चढलं होतं. विक्रांत आतल्या काँग थेलिनच्या पाया पडायला गेला होता. फाटकाशी मी, दारिशा आणि तिच्या खांद्यावर ओवी.

“दीदी,” ती म्हणाली, “एक विचारायचं होतं. तुम्ही जाणार म्हणून आता विचारते.”

“विचार ना.”

“त्या दिवशी मामाला सांगितलंत ते. तुमच्या बाबांचं. खरं होतं?”

“खरं होतं. अगदी सगळं.”

तिनं मान हलवली. ओवीच्या पाठीवर तळवा हळूहळू चोळत राहिली, तिची तशी सवयच होती.

“मी एक वर्ष तुमच्यावर फार रागावले होते,” ती म्हणाली. “तुम्हाला कळलं नसेल. मला वाटायचं, नोकरी मिळाली आणि ओवीला बघायला कुणी नाही, म्हणून तुम्ही तसं बोललात. रोज सकाळी जिना चढताना मनात तेच यायचं. असं वाटायचं, मला विचारायचं तरी. माझी मावसबहीण होती, जोवाईहून थोरलीबरोबरच आली असती, तिनं चार पोरं सांभाळलीयत. ओवीला तिची सवय लावूनच मी गेले असते. महिना होता हातात.” ती थोडं हसली. “मग आईचे डोळे पूर्ण गेले. रात्री ती हात पुढं करून मला शोधते ना, तेव्हा मला तुमचे बाबा आठवतात. मी नसते तर? तुम्ही रडलात ते खोटं कसं असेल? कुणी आपल्या बाबांचं असं खोटं सांगेल का? आणि मी तुमच्याबद्दल असलं काहीतरी मनात धरून बसले. तुमच्याच घरात. तुमच्याच मुलीला पाठीवर घेऊन.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

“मला माफ करा, दीदी,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “तुम्ही जायच्या आधी हे सांगायलाच हवं होतं.”

सांगायला मला वेळ होता. विक्रांत अजून आतच होता. मी तोंड उघडलंही.

मग ओवीला तिच्या खांद्यावरून काढून घेतलं, मोकळ्या हातानं तिला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि म्हटलं, “वेडी कुठली. जाऊ दे. माझ्या मनात काही नाही.”